गटाची गाडी: उजाळा द्यायचा की राखण करायची?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. पापड, शिवणकाम, शेळ्या, बँकेचा हप्ता या सगळ्यांतून गाडीचा रंग मध्येच कुठून आला, असं वाटेल. पण आपल्या जळगाव-धुळ्याकडे बघा. कुणाच्या दारात केळीचे घड वाहणारी पिकअप उभी आहे, कुणाच्या दारात मसाल्याची पोती बाजाराला नेणारा छोटा हत्ती, तर कुणाच्या घरी जुनी घेतलेली व्हॅन. बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या. हप्ता आपल्या बचतीतून जातो. आणि गाडी विकायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईक इंजिनाचं झाकण उघडायच्या आधी बॉनेटकडे बघतं. रंग पांढरट पडलेला दिसला, दाराखाली गंज दिसला, की बोलता बोलता भाव पाडतं. म्हणजे रंग हा नटण्याचा विषय नाही, आपल्या पैशाचा आहे.

गाडी गॅरेजात नेली की दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "ताई, रबिंग-पॉलिश मारून घ्या, नव्यासारखी दिसेल." दुसरा म्हणतो, "कोटिंग करून घ्या, मग बघायलाच नको." दोघांचंही बोलणं सारखंच वाटतं, कारण दोन्हींनी गाडी चमकते. पण ही दोन कामं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. एकात गेलेलं परत आणायचं असतं, दुसऱ्यात असलेलं राखायचं असतं. आपल्या गाडीला कोणतं हवं, हे ओळखता आलं तर पैसे वाचतात. नाही आलं तर पैसेही जातात आणि रंगही जातो.

हा फरक तुम्हाला नवा नाही. फक्त गाडीच्या बाबतीत तो कुणी सांगितलेला नाही.

जळगावचं सोनं सगळीकडे प्रसिद्ध. सोनाराकडे जुनी पाटली उजाळा द्यायला नेली की ती लखलखीत होऊन येते. पण जाणती बाई काय करते? आधी वजन करून घेते, नंतरही वजन करते. कारण उजाळा देताना घासावं लागतं, आणि घासलं की गुंजभर का होईना, सोनं झिजतं. पाटली चमकते ती वरचा मळलेला, ओरखडलेला थर निघून गेला म्हणून. गाडीचं रबिंग-पॉलिश म्हणजे हेच.

आता पितळी पातेलं आठवा. कल्हईवाला आला की आपण कल्हई करून घ्यायचो. कल्हईनं पितळेचं काही कमी होत नाही. उलट वर कथलाचा पातळ थर बसतो. आंबट आमटी त्या थराला लागते, पितळेला लागत नाही. थर झिजला की पुन्हा कल्हई करायची. गाडीचं मेण, म्हणजे वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंग, ही सगळी कल्हईची भावंडं आहेत.

तर उजाळा काढून घेतो आणि कल्हई वर घालते. आजच्या भाषणातलं एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आता गाडीच्या अंगावर नेमकं काय असतं ते पाहू. पत्र्यावर सगळ्यात आधी गंज न धरणारा अस्तराचा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि आजच्या बहुतेक गाड्यांना सगळ्यात वर एक पारदर्शक थर. पेंटर त्याला क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरतात. एका मिलिमीटरमध्ये १,००० मायक्रॉन असतात. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग दोन केसांएवढाही जाड नसतो. त्यातला वरचा पारदर्शक थर असतो ४०-५० मायक्रॉनचा, एका केसापेक्षाही पातळ. उन्हाचे अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात असतात. चमक याच थराची असते आणि खालच्या रंगाची राखणही हाच करतो.

मशीननं एकदा पॉलिश केलं की या थरातले दोन-चार मायक्रॉन जातात. खरखरीत कंपाउंडनं जोरात घासलं, किंवा पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर मारला, तर त्याहून जास्त जातात. गेलेला थर परत येत नाही. पॉलिशच्या बाटलीतून थर वाढत नाही, ती बाटली फक्त घासते.

आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर हा पारदर्शक थर म्हणजे मुद्दल. कारखान्यातून एकदाच मिळतं. प्रत्येक रबिंग म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम. मेण लावणं म्हणजे मुद्दलाला हात न लावता दर महिन्याला भरलेली छोटी वर्गणी. मुद्दलाला कधी हातच लावायचा नाही असं मी म्हणत नाही. अडचणीला लावावा लागतो. पण दर दिवाळीला मुद्दल मोडून फराळ करायचा नसतो.

खानदेशात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण आपला प्रदेशच रंगाला खाणारा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा सहज ७० अंशांच्या घरात पोचतो. त्यावर हात ठेवून बघा, चटका बसतो. अशा तापलेल्या रंगावर कावळ्यानं किंवा कबुतरानं घाण केली की ती नुसती वर बसत नाही. उष्णतेनं रंग थोडा मऊ झालेला असतो, घाणीतलं आम्ल त्यात उतरतं, आणि रात्री रंग गार होऊन आवळला की डाग आत पक्का होतो. सकाळी धुतलं तरी ठसा राहतो.

दुसरा शत्रू केळीचा चीक. रावेर, यावल, चोपडा भागातल्या बायांना तो सांगायला नको. साडीला लागला की काळा डाग कायमचा. गाडीच्या फाळक्याला आणि कडेला तोच चीक लागतो, ओला असताना दिसत नाही, वाळला की तपकिरी होऊन बसतो. तिसरा शत्रू बोअरचं पाणी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते क्षाराचं. उन्हात गाडी धुतली आणि तशीच वाळू दिली की पाणी उडून जातं आणि क्षाराचे पांढरे गोल रंगावर चिकटतात. भांड्याच्या तळाशी बसतात ना, तसेच.

चौथा शत्रू आपल्याच हातातला, कोरडं फडकं. शेतरस्त्याची धूळ बसलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्यानं झटकून पुसायची सवय घरोघरी आहे. त्या धुळीत बारीक वाळू असते. फडक्याखाली ती फिरली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे उठतात. सावलीत दिसत नाहीत, उन्हात लगेच दिसतात. म्हणजे आपण रोज थोडं थोडं रबिंग करतोच आहोत, तेही वाळूनं. डिझेलचं फडकं मारणं त्याहून वाईट. तासभर चमक येते, मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते.

आता आपल्या गाडीला काय हवं ते ओळखू. चार तपासण्या सांगते. एकीलाही पैसा लागत नाही. आधी गाडी सावलीत स्वच्छ धुऊन घ्या, कारण मळक्या गाडीवर कुठलीच तपासणी खरी ठरत नाही.

पहिली तपासणी पाण्याची. बॉनेटवर थोडं पाणी शिंपडा. अळूच्या पानावर धरतात तसे थेंब धरले आणि घरंगळले, तर वर राखणीचा थर अजून आहे. पाणी पसरून ओलं चादरीसारखं बसलं, तर थर संपला. एवढ्यानं रंग खराब आहे असं ठरत नाही. फक्त मेणाची वेळ झाली आहे.

दुसरी तपासणी तळहाताची. धुतलेल्या, वाळलेल्या रंगावरून हात हळूच फिरवा. काचेसारखा गुळगुळीत लागला तर उत्तम. खरखरीत लागला तर चिकटलेली घाण आहे, चीक, डांबर, क्षार. ती आधी काढावी लागेल. हाताला पांढरी भुकटी लागली तर उन्हानं रंगाचा वरचा भाग जळाला आहे.

तिसरी तपासणी नखाची. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, पॉलिशनं जाईल. नख अडकलं तर तो खोल आहे. घासून घासून तो काढायला गेलं तर आजूबाजूचा सगळा थर संपेल. तिथे त्याच रंगाचा टचअप भरायचा, घासायचं नाही.

चौथी तपासणी फडक्याची. दाराच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं गाडीच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या ओल्या फडक्यावर चिमूटभर पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचाच रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही, तिथं नुसता रंग आहे. जुन्या गाड्या आणि पांढऱ्या साध्या रंगाच्या मालवाहू गाड्या अशा असू शकतात. त्यांना उजाळा चांगला लागू पडतो. पण घासताना प्रायमर उघडं पडणार नाही हे बघावं लागतं. फडक्याला रंग लागला नाही, नुसता मळ लागला, तर वर पारदर्शक थर आहे, आणि त्याला सोन्यासारखं जपून हाताळायचं.

या तपासण्यांनंतर गाडी तीनपैकी एका अवस्थेत सापडेल.

पहिली अवस्था: गाडी नवी आहे किंवा रंग धड आहे. गुळगुळीत लागतो, फार ओरखडे नाहीत. अशा गाडीला रबिंग-पॉलिश अजिबात नको. कुणी फुकट करून देतो म्हणाला तरी नको. तिला फक्त राखण हवी.

दुसरी अवस्था: रंग मंद झालाय, भुकटी लागते, बारीक ओरखड्यांचं जाळं आहे, पण पोपडे निघालेले नाहीत. तिला एकदा उजाळा द्या. एकदाच, आणि शक्य तितक्या मऊ पॉलिशनं. मग लगेच राखणीचा थर चढवा. हा क्रम उलटा करू नका. मळलेल्या पातेल्यावर कुणी कल्हई करतं का? आधी घासायचं, मग कल्हई. खराब रंगावर कोटिंग केलं तर खालचे डाग आणि ओरखडे काचेखाली ठेवल्यासारखे दिसत राहतात. आणि उजाळा देऊन तसंच सोडलं तर ताजा उघडा थर पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा मंद होतो. मग पुन्हा रबिंग, पुन्हा मुद्दलाला हात.

तिसरी अवस्था: छतावरचा, बॉनेटवरचा पारदर्शक थर कांद्याच्या सालीसारखा सुटतोय, किंवा रंगाखाली गंजाचे फुगे आले आहेत. इथं उजाळाही चालत नाही आणि राखणही नाही. पॉलिश मारलं तर साल आणखी सुटते, कोटिंग केलं तर ते सुटणाऱ्या सालीवरच बसतं आणि सालीबरोबर जातं. तेवढा भाग घासून, गंज काढून, प्रायमर मारून नव्यानं रंगवणं हाच उपाय. सगळी गाडी रंगवायची गरज नसते, बिघडलेला भाग तेवढाच करता येतो. आणि गाडी भंगाराच्या वयाला आली असेल, तर फक्त गंज थांबवा आणि बाकीचे पैसे टायरात आणि ब्रेकमध्ये घाला. ते शहाणपणाचं.

आता हिशेब करू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला. समजा पूर्ण गाडीच्या रबिंग-पॉलिशला ३,००० रुपये लागतात आणि वर्षभर पुरणाऱ्या मेणाच्या डब्याला ५००. एक गट दर दिवाळीला पॉलिश करतो. पाच वर्षांत खर्च १५,००० रुपये. दर वेळी तीन-चार मायक्रॉन गेले असं धरलं तर १५ ते २० मायक्रॉन गेले, म्हणजे वरच्या थराचा मोठा भाग संपला. दुसरा गट पहिल्या वर्षी एकदा उजाळा देतो आणि पुढे पाचही वर्षं मेण लावतो. खर्च ३,००० अधिक २,५००, म्हणजे ५,५००. थर गेला तो एकदाच, तीन-चार मायक्रॉन. पैसे वाचले ९,५०० रुपये, आणि विकायच्या वेळी रंग जागेवर आहे.

तुम्ही म्हणाल, मग एकदाच भारीतलं कोटिंग का करू नये? त्याचंही खरं काय ते सांगते. मेण आपल्या उन्हात साधारण दोन महिने टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने जातं. सिरॅमिक कोटिंग नीट केलं तर एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. ते अतिशय पातळ पण कठीण असतं. धूळ, चीक, पक्ष्याची घाण लवकर आत शिरत नाही, आणि गाडी धुणं सोपं होतं. पण ते चिलखत नाही. महामार्गावर उडालेला खडा लागला तर टवका उडतोच. खड्यापासून वाचवणारी जाड पारदर्शक फिल्म वेगळी असते, पीपीएफ म्हणतात तिला, आणि ती इतकी महाग असते की मालवाहू गाडीला परवडत नाही. दाराच्या आतून, चाकाच्या कमानीतून येणारा गंज कुठलंच कोटिंग थांबवत नाही. आणि सिरॅमिक केलेली गाडीसुद्धा धुवावी लागतेच. "बघायलाच नको" असं काही नसतं. नवी गाडी आहे, पाच-सात वर्षं ठेवायची आहे, हातात पैसे आहेत, तर सिरॅमिकचा विचार जरूर करा. दहा वर्षांच्या पिकअपवर वीस हजारांचं कोटिंग म्हणजे जुन्या लुगड्याला सोन्याची किनार.

वरून लावलेला थर नेहमी भल्याचाच असतो असंही नाही. याचा मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. शाळेच्या सहलीत पोरं जातात, तुमच्यातल्याही कित्येकींनी पाहिलं असेल. तिथल्या भिंतींवरची चित्रं सुटायला लागली होती, म्हणून निजाम सरकारनं १९२० साली इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. १९२२ पर्यंत त्यांनी काम केलं. सुटलेले पोपडे त्यांनी भिंतीला पक्के केले, ते गरजेचंच होतं. पण चित्रांवर लाखेचा थरही चढवला. पुढे तो थर पिवळा-तपकिरी पडला आणि खालचे रंग झाकोळले. मग पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तो थर जपून काढत बसावं लागलं. हेतू राखणीचाच होता. म्हणून गाडीवर काहीही लावण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे पुढे पिवळं पडेल का, आणि नको झालं तर निघेल कसं? मेणाचा एक मोठा गुण हाच की ते साबणानं, काळानं आपोआप निघून जातं. चुकीचं लागलं तरी कायमचं नुकसान होत नाही. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्या गटानं मेणापासूनच सुरुवात करावी.

मेण लावायला गॅरेजची गरज नाही. तिघी-चौघी मिळून सकाळच्या गारव्यात दोन-अडीच तासांत एक पिकअप सहज होते. गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्यानं वरची धूळ वाहून जाऊ द्या. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्याची पावडर नको, ती मेण काढून टाकते. मऊ कापड शाम्पूत बुडवा, वरून खाली पुसत या, आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवा, म्हणजे वाळू परत गाडीवर जाणार नाही. क्षाराचे डाग असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्या डागावर मिनिटभर ठेवा, आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. मग स्वच्छ मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडी करा. मेण बोटभरच घ्यायचं, एका वेळी एक दार, पातळ पसरायचं, धुरकट झालं की दुसऱ्या मऊ कापडानं पुसून घ्यायचं. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दमायला होतं.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या सणांना बांधा, म्हणजे विसरणार नाही. होळीच्या आधी एकदा मेण, कारण पुढे ऊन आहे. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला दुसऱ्यांदा. मृग लागायच्या आधी खड्यांचे टवके शोधून टचअप भरा, कारण उघड्या पत्र्याला पहिल्या पावसात गंज धरतो. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतोच. तोच दिवस वर्षाच्या तपासणीचा ठरवा. आदल्या दिवशी धुऊन चारही तपासण्या करा, मेण लावा, मग पूजा. हळदीकुंकू, नारळाचं पाणी, लिंबाचा रस रंगावर वाळू देऊ नका, संध्याकाळी पाण्यानं काढा. देव रागावत नाही. संक्रांतीच्या आसपास शेवटचा हात.

आणि सगळ्यात स्वस्त कोटिंग सांगू? सावली. वर पत्र्याचा किंवा शेडनेटचा मांडव घातला तर ऊन आणि पक्षी दोन्ही अडतात. झाडाखाली ऊन वाचतं, पण पक्ष्यांची घाण आणि डिंक पडतो. धुळकट गाडीवर कापडी कव्हर घालू नका. वाऱ्यानं ते हललं की पुन्हा वाळूचं रबिंग सुरू.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गाडीचं आरसी बुक गटाच्या किंवा बाईच्या नावावर असतं, हप्ता बाई भरते, पण गॅरेजात निर्णय कोण घेतं? ड्रायव्हर, भाऊ, नाहीतर मालक. आपण घरी बिल बघतो. आता गॅरेजात आपणही उभ्या राहू. चार प्रश्न विचारा. एक, तुम्ही घासणार की नुसता थर चढवणार? दोन, घासणार तर कशानं, आणि रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का? तीन, कोटिंगची हमी नेमकी कशाची, चमकेची, डागाची की गंजाची, आणि ती कागदावर देता का? चार, काम झाल्यावर शाम्पूनं दोनदा धुऊन उन्हात दाखवाल का? हा चौथा प्रश्न विसरू नका. काही पॉलिशमध्ये ओरखडे भरून झाकणारं तेलकट द्रव्य असतं. दुकानात गाडी आरशासारखी दिसते, दोन धुण्यांत ओरखडे परत येतात. जुनी गाडी विकत घेतानाही हेच. फार चमकणारी जुनी गाडी दिसली तर खूश होण्याआधी दाराच्या कडा, छत आणि पायदानाखालचा पत्रा बघा. चमक दोन तासांत आणता येते, थर आणता येत नाही.

पुढच्या बैठकीत पाचच मिनिटं काढा. गाडी अंगणात उभी करा, पाणी शिंपडा, हात फिरवा, नख लावा, फडकं घासा. ती कोणत्या अवस्थेत आहे ते सगळ्यांनी मिळून ठरवा, आणि ठरावाच्या वहीत तारखेसह दोन ओळी लिहा: उजाळा कधी दिला, मेण कधी लावलं. कर्जाचा हप्ता जसा लिहितो तसंच. पुढे गाडी विकायला निघाल तेव्हा ती वही गिऱ्हाईकापुढे ठेवा. गाडी जपली होती हे मग तोंडानं सांगावं लागणार नाही.

गाडी नीट चालवा, सावलीत लावा.